चिऊच्या तारा आणि चार बदाम

चिऊची आई: सगळ्यांना नम्र विनंती. चिऊला काहीही खायला देण्याआधी मला विचारा. काल रात्री दातांच्या तारांचं खालच्या दाढेजवळचं ब्रॅकेट (तार धरायला दाताला चिकटवलेला छोटा तुकडा) सुटलंय, तारेत ओवलेल्या मण्यासारखं मागेपुढे सरकतंय. गालाला आतून घासून पांढरा फोड आलाय. सकाळपासून पोटात दोन चमचे दही, बास.

मोठी आत्या: रोख माझ्याकडे आहे का? चारच बदाम दिले. पोर उपाशी दिसली म्हणून.

चिऊची आई: मी कुणाचं नाव घेतलं नाही वन्सं. पण मक्याच्या कणसाच्या वेळीही हेच झालं होतं.

काका: वहिनी, तारेवर रेडिओ लागतो का विचारा तिला 😂

चिऊची आई: भावजी, आज नको. रडतेय ती.

काका: सॉरी. खरंच सॉरी.

आजी: मऊ भात द्या तिला.

ताई: मामी, परवाच तार आवळली ना? मग आज दुखणारच. मी २८व्या वर्षी तारा लावल्या, दर वेळी दुसऱ्या दिवशी हेच व्हायचं. दात सरकायला लागला की मुळाभोवतीचा पातळ पडदा एका बाजूने दाबला जातो, सुजतो. म्हणून केळं चावतानाही कळ येते. पहिले १-२ दिवस जड जातात, आठवड्याच्या आत उतरतं.

मोठी आत्या: आम्ही सफरचंद चावूनच खायचो. आम्हाला कुणी तारा लावल्या होत्या?

ताई: आई, अगं सफरचंद चालतं, पण पातळ काप करून. पुढच्या दातांनी तोडलं की ब्रॅकेट निघतं. बदाम, बर्फ, चिकट टॉफी, लाह्या हे बंदच. लाहीचं टरफल हिरडीत अडकलं की दोन दिवस टोचतं.

मोठी आत्या: तू मला शिकव आता. स्वतःचं रिटेनर, तारा निघाल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून घालायचं ते, कुठे गेलं सांग ग्रुपवर.

ताई: तू कचऱ्यात टाकलंस!

मोठी आत्या: टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवलं तर कुणीही टाकेल.

आजी: मऊ भात द्या.

काका: रिटेनरचा विषय दोन वर्षांपूर्वीच मिटला होता ना 🙏

चिऊची आई: कृपया मुद्द्यावर येऊ या का? ब्रॅकेट टोचू नये म्हणून लावायचं वॅक्स (मेण) लावलं तर लगेच निघतंय.

ताई: ओल्यावर लावलं असेल. आधी कापसाने ब्रॅकेट पूर्ण कोरडं करा. मटाराच्या दाण्याएवढं वॅक्स बोटांत मळून गोळी करा, ब्रॅकेटवर दाबून बसवा. चुकून गिळलं गेलं तरी घाबरू नका. आणि पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या, फोडाला बरं वाटतं.

चिऊचे बाबा: डॉक्टरांशी बोललो. उद्या ११ वाजता बोलावलंय. सुटलेलं ब्रॅकेट ओढायचं नाही, घरी तार कापायची नाही. दुखण्याची गोळी त्यांनी सांगितली तेवढीच. आणि असं वारंवार सुटलं तर उपचार लांबतो म्हणाले. ऐकताय ना सगळे?

मोठी आत्या: ऐकतेय.

ताई: गार पाण्याचे घोटही द्या मामी. काही तारा गारव्याने थोड्या वेळापुरत्या सैल पडतात. पण गोड सरबत सारखं नको, ब्रॅकेटभोवती साखर राहिली तर तारा निघाल्यावर दातांवर पांढरे डाग दिसतात. खाल्ल्यावर तो छोटा ब्रश तारेखालून फिरवायला लावा.

चिऊची आई: ब्रश म्हटलं की तोंड घट्ट मिटते. हिरडीला लागतो म्हणते.

काका: संध्याकाळी येतो मी. आरशासमोर आम्ही दोघं मिळून घासू. माझं ऐकते ती.

आजी: मऊ भात दिला का?

चिऊची आई: दिला आई. वॅक्स नीट बसलं, मग वाटीभर खाल्लान. हळूहळू, जिभेनेच कुस्करत.

आजी: 🙏🙏

मोठी आत्या: बदाम भिजवून, सोलून, अगदी गंधासारखे वाटून दुधात घातले तर चालतील?

चिऊची आई: चालतील वन्सं. गाळून आणा, आणि गारच आणा.

मोठी आत्या: सातपर्यंत येते.