बायतुर्सिनुलीला 'हुतात्मा कसला' म्हणणाऱ्यांना

रानवाट:
काल इथे एकाने लिहिलं, "अखमेत बायतुर्सिनुली 1919 मध्ये आपणहून बोल्शेविकांना मिळाला, 1937 मध्ये त्यांनीच मारला. हुतात्मा कसला?" डोकं उठलं वाचून. कझाक भाषेचा हा अभ्यासक तेरा वर्षांचा असताना त्याच्या बापाला पकडून सायबेरियात धाडलं. हा शिक्षक झाला, तर 1909 मध्ये झारच्या पोलिसांनी सेमिपालातिन्स्कच्या तुरुंगात टाकला, मग मुलखातूनच हद्दपार. ओरेनबुर्गला राहून त्याने 1913 पासून 'कझाक' हे वर्तमानपत्र चालवलं, पोरांसाठी अक्षरओळखीची पुस्तकं लिहिली. रशियाच्या यादवीत बोल्शेविकांविरुद्ध लढणारा सेनानी कोल्चाक कझाकांना स्वायत्तता द्यायला तयारच नव्हता. मग जायचं कुणाकडे?

जुनाखोड:
ते वाक्य माझंच. बोल्शेविकांच्या राजवटीत शिक्षणखात्याचा कमिसार, म्हणजे मंत्रीच, झाला की नाही? पद घेतलं की जबाबदारीही येते. शिवाय 1926 ला बाकूला तुर्की भाषांवरच्या परिषदेत बहुतेक सगळे लॅटिन लिपीकडे निघालेले असताना हा अरबी लिपीला चिकटून बसला. हा हट्टच.

सायली_क:
लिपीबद्दल माहीत नसेल तर बोलू नका! त्याने अरबी लिपी आहे तशी ठेवलीच नव्हती. कझाकमध्ये नसलेल्या उच्चारांची अक्षरं काढून टाकली, स्वरांना स्वतंत्र अक्षरं दिली. शब्दाआधी एक खूण टाकली की अख्खा शब्द मृदू वाचायचा. पोरं भराभर शिकायची. चीनमधले कझाक आजही तीच लिपी लिहितात.

जुनाखोड:
आमच्या माळ्यावर पणजोबांची मोडीतली दप्तरं आहेत, मला एक ओळ वाचता येत नाही. म्हणून मराठी बुडाली का? लिप्या बदलतात.

सायली_क:
मोडीची बाजू घेतली म्हणून कुणाला गोळी घातली नाही हो. तिकडे 1929 ला लॅटिन, 1940 ला सिरिलिक म्हणजे रशियन लिपी, अकरा वर्षांत दोनदा. मी अल्माटीत एमबीबीएसला होते. घरमालकीण आजींकडे वडिलांची पत्रं होती, जुन्या लिपीतली. त्या ती हातात धरून बसायच्या. वाचता यायची नाहीत. वडील काय लिहून गेले हे मुलीला कळू नये, आणि तुम्ही म्हणता लिप्या बदलतात!

रानवाट:
लिपीत मूळ मुद्दा हरवला. 1929 मध्ये त्याला पकडून अर्खांगेल्स्ककडे पाठवला, बायको नि मुलगी तोम्स्कला. राजकीय कैद्यांना मदत करणाऱ्या पेश्कोवाबाईंनी खटपट केली तेव्हा 1934 ला सुटका. ऑक्टोबर 1937 ला पुन्हा अटक, 8 डिसेंबरला गोळी. निर्दोष ठरवायला 1988 उजाडलं. तोवर शाळेत त्याचं नाव घ्यायची सोय नव्हती, ज्या माणसाने कझाकांना व्याकरण दिलं त्याचं! नाव घेता येईना, हे तुम्हाला काहीच वाटत नाही?

जुनाखोड:
वाटतं. मी दगड नाही. माझे वडील मास्तर होते, गावच्या पुढाऱ्याविरुद्ध बोलले म्हणून तीनदा बदली झाली, पण त्याच्या पंक्तीला कधी बसले नाहीत. म्हणून कमिसारकी मला खुपते, खुपत राहणार.

सायली_क:
बदली आणि गोळी यात फरक आहे.

जुनाखोड:
आहे. 'हुतात्मा कसला' हे शब्द मागे घेतो. लिपीचंही तुमचं बरोबर. कमिसारकीचं नाही.