गाठींच्या जोडीला वेगही मोजू द्या

सागरी इतिहास संग्रहालयातल्या शालेय सत्रात मुलांना दोरीच्या गाठी शिकवाव्यात, अशी एक सूचना आली आहे; ती चांगलीच. पण सातवी-आठवीला त्याच दोरीने वेग मोजायला द्या. शिडाच्या जहाजांवर 28 सेकंदांचं वाळूचं घड्याळ आणि दर 14.4 मीटरवर खूण केलेली दोरी असे; दोरीच्या टोकाची फळी पाण्यात टाकली की ती जागीच राही, जहाज पुढे जाई आणि तेवढ्या वेळात जितक्या खुणा सुटतील तितके नॉट (म्हणजे ताशी तितके सागरी मैल). दालनासाठी दोन्ही चौथाई करा: 7 सेकंद, 3.6 मीटर. एकाने टोक जागच्या जागी धरायचं, दुसऱ्याने रीळ घेऊन चालायचं, तिसऱ्याने खुणा मोजायच्या, चौथ्याकडे घड्याळ. साध्या चालीला 2 ते 3 नॉट येतात; 15 मीटर दोरी पुरते.

दोरीलाच गाठी मारू नका, ती आखडते आणि अंतरं चुकतात; कापडाच्या पट्ट्या बांधा. पहिले 2 मीटर मोकळे सोडून तिथे लाल चिंधी लावा, ती सुटली की घड्याळ उलटायचं. मुलं हमखास आधीच उलटतात, मग वेग कमी भरतो. रीळ घट्ट फिरलं तरी तेच, कारण धरलेलं टोक पुढे ओढलं जातं. दमट हवेत वाळू रेंगाळते आणि वेग उगाच जास्त दिसतो, म्हणून सत्राआधी स्टॉपवॉचशी ताडून घ्या. टेरेसवर वगैरे करू नका, मुलांचं लक्ष रिळावर असतं.