वॉकर, फुलर, टकर: धंदा एकच, मग आडनावं तीन का?

रानवाटा

इंग्रजी धंदेवाचक आडनावांवर एक छोटी लेखमाला लिहितोय. स्मिथ, टेलर, कार्पेंटर यांत फारसं अडत नाही. घोडं अडलंय ते वॉकरपाशी. कोणी सांगतं, राजाच्या जंगलात गस्त घालणारा तो वॉकर. कोणी म्हणतं, कापड तुडवणारा. त्यातच फुलर आणि टकर हीसुद्धा त्याच कापडवाल्यांची आडनावं असल्याचं वाचलं. तर जाणकारांनी सांगावं:

हे काम नेमकं काय होतं? एका धंद्याला तीन आडनावं कशी, आणि ती कुठे कुठे आढळतात? त्यातलं वॉकरच एवढं बोकाळलं कसं? आणि १८८१ च्या जनगणनेवरून तिन्हींचा नकाशा करायचा तर काय सांभाळायचं?

ताणाबाणा

कापड तुडवणारा हेच बरोबर. आडनावांचं इतर लोक सांगतीलच, मी कामाबद्दल लिहितो.

पहिली गोष्ट, हा धोबी नव्हे. धोब्याकडे वापरलेले कपडे जातात, याच्याकडे मागावरून नुकतं उतरलेलं लोकरीचं कोरं ठाण यायचं. ते विरविरीत आणि तेलकट असतं, कारण विंचरताना-कातताना लोकरीला तेल किंवा लोणी चोळलेलं असतं. ते निघाल्याशिवाय पुढचं काही साधत नाही. त्यासाठी दोन गोष्टी वापरत: साठवून शिळं केलेलं मूत्र, ज्यातल्या अमोनियाने चरबी सुटते, आणि तेल शोषणारी एक चिकणमाती. ही माती म्हणजे आपल्याकडे चेहऱ्याला लावतात त्या मुलतानी मातीचीच जात. इंग्लंडात ती सरे काउंटीत नटफील्ड आणि रेडहिलच्या आसपास, तसंच बेडफर्डशरमध्ये वोबर्न सँड्सजवळ निघायची. कापडधंद्याला ती इतकी मोलाची की १७ व्या शतकात तिच्या निर्यातीवर बंदी होती.

मळ काढला की खरं काम सुरू, ते कापड आटवण्याचं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि मार मिळाला की तंतू एका दिशेने सरकतात आणि खवल्यांमुळे मागे फिरू शकत नाहीत. ते एकमेकांत गुंततात, कापड आटतं आणि दाट होतं. रुंदी एक तृतीयांश ते जवळजवळ निम्म्याने कमी व्हायची. म्हणून तर ब्रॉडक्लॉथ हे लोकरी कापड मुद्दाम इतकं रुंद विणत की मागावर दोन विणकर शेजारी शेजारी बसवावे लागत. नीट आटलेल्या कापडात वीण दिसत नाही आणि काठ कापला तरी धागे सुटत नाहीत. सुताला खवले नसतात, त्यामुळे सुती कापड कितीही तुडवलं तरी दाट होत नाही.

सुरुवातीला हे सगळं पायांनी चाले. हौदात ठाण टाकायचं आणि त्यावर तासन्‌तास नाचायचं. १२ व्या शतकात पाणचक्की आली. टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या जमिनींच्या ११८५ सालच्या पाहणीत कापड आटवायच्या चक्क्यांची नोंद आहे. चाकाच्या दांड्यावरचे खुंट ओकचे जड हातोडे उचलून हौदात सोडत. हातोड्याच्या तोंडाला पायऱ्यांसारख्या खाचा असत, त्यामुळे दर ठोक्याला ठाण थोडं फिरत राही.

तरी माणूस लागायचाच. ठाण मधूनमधून बाहेर काढून घड्या मोडल्या नाहीत तर सुरकुत्या आटून तशाच पक्क्या होतात, त्या पुढे कशानेही जात नाहीत. एकाच जागी मार बसला तर भोक पडतं. माती पुरती धुतली गेली नाही तर रंग डाग धरतो. आणि ठाण जास्त वेळ ठेवलं तर ते ठरलेल्या मापापेक्षा कमी भरतं. मग ओलं ठाण लाकडी चौकटीवर आकड्यांना अडकवून ताणून वाळवायचं. इथेच लबाडी चाले. कापड जास्त ताणलं की लांबी वाढते, पण गिऱ्हाइकाच्या अंगावर पहिल्या पावसातच ते आखडतं. त्याविरुद्ध कायदे पुन्हा पुन्हा करावे लागले, यावरूनच ते किती पाळले जात ते दिसतं.

शब्दखोर

आता नावं. तिन्ही नावं क्रियापदांवरून आली आणि तिन्हींची घराणी वेगळी.

वॉकरचं मूळ जुन्या इंग्रजीतलं वेअल्कन, म्हणजे लोळवणं, घुसळणं. 'चालणं' हा अर्थ त्या क्रियापदाला मागाहून चिकटला. जर्मन भाषेत आजही कापड आटवण्याला वाल्कन म्हणतात. फुलर हे लॅटिन फुल्लो या शब्दावरून. तो शब्द नॉर्मन येण्याआधीच इंग्रजीत होता, फ्रेंचांच्या फुलाँने त्याला बळ दिलं. टकर हे टूकियनवरून, ज्याचा जुना अर्थ छळणं, हाल करणं. कापडाचे हालच की ते!

कुठे काय? ढोबळमानाने असं: यॉर्कशर, लँकेशर, उत्तर मिडलँड्स आणि थेट स्कॉटलंडपर्यंत वॉकर. केंट, ससेक्स, सरे, नॉरफोक, सफोक, एसेक्स इथे फुलर. डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉलचा पूर्व भाग आणि समुद्रापलीकडे वेल्समधल्या दक्षिण पेम्ब्रुकशरमध्ये टकर. चौदाव्या शतकाच्या शेवटी विक्लिफच्या इंग्रजी बायबलात येशूच्या शुभ्र वस्त्रांचं वर्णन आहे. तिथे 'फुलर किंवा कापडाचा वॉकर' असे दोन्ही शब्द शेजारी ठेवलेत. वाचणारा कुठल्या मुलखातला निघेल याचा नेम नव्हता.

गावांची नावं हीच साक्ष देतात. उत्तरेत वॉक मिल नावाच्या जागा सापडतात, कॉर्नवॉलमध्ये कॅम्बोर्नजवळ टकिंगमिल नावाचं गावच आहे. वेल्श भाषेत अशा चक्कीला पांडी म्हणतात, टोनीपांडी हे खाणींचं प्रसिद्ध गाव त्यातलंच. एक्झिटरला विणकर, फुलर आणि कापड कातरणाऱ्यांच्या संघाची १४७१ ची इमारत उभी आहे. संघाच्या औपचारिक नावात फुलर, पण इमारतीला सगळे टकर्स हॉलच म्हणतात. कागदावर एक आणि तोंडी दुसरं, हे त्याचं झकास उदाहरण.

जंगलाच्या गस्तवाल्याबद्दल: शाही जंगलाच्या एका विभागाला वॉक म्हणत हे खरं. पण आडनावाचा उगम तोच असता तर न्यू फॉरेस्ट, विंडसर अशा दक्षिणेतल्या मोठ्या जंगलांभोवती वॉकर दाटीने असायला हवे होते. तिथे ते विरळ आहेत. आणि वनरक्षकांची आडनावं फॉरेस्टर, फॉस्टर, पार्कर, वुडवर्ड अशी हवी तेवढी आहेतच. एक मात्र लक्षात ठेवा, न्यूकॅसलजवळ वॉकर नावाचं गाव आहे आणि त्याचा कापडाशी संबंध नाही. ते नाव हेड्रियनच्या रोमनकालीन भिंतीजवळच्या दलदलीवरून पडलं. थोडे वॉकर तिथले निघणार.

रानवाटा

दोघांचेही आभार, ताणाबाणा यांचं 'काय बिघडतं' तर थेट लेखात घेतो. म्हणजे यॉर्कशरला लोकरीचा धंदा सर्वांत मोठा, म्हणून वॉकर सर्वांत जास्त, असं लिहिलं तर चालेल ना?

शब्दखोर

नाही चालणार. बहुतेक लेख इथेच घसरतात.

आडनावं वंशपरंपरेने पक्की झाली ती साधारण १२५० ते १४०० या काळात, दक्षिणेत आधी, उत्तरेत उशिरा. यॉर्कशरच्या पश्चिम विभागाने, म्हणजे वेस्ट रायडिंगने, कापडात सगळ्यांना मागे टाकलं ते त्यानंतर कित्येक शतकांनी, अठराव्या शतकात. त्यामुळे हा नकाशा कारखानदारीचा नसून चौदाव्या शतकातल्या बोलींचा आहे. पडताळा हवा असेल तर शेजारचे धंदे बघा. विणकर उत्तरेत वेबस्टर, डेव्हन-सॉमरसेटमध्ये वेबर. रंगारी यॉर्कशरमध्ये लिस्टर, नैर्ऋत्येला डायर. भेगा जवळजवळ त्याच ठिकाणी पडतात.

पण संख्येचं कोडं वेगळं, आणि तिथे कारखान्यांचा संबंध येतो, फक्त आडवळणाने. १७५० नंतर लँकेशर आणि वेस्ट रायडिंगची लोकसंख्या कितीतरी पटींनी वाढली. नॉरफोक, सफोक, डेव्हन त्या मानाने रेंगाळले. उत्तरेतल्या सगळ्याच आडनावांना ही लॉटरी लागली. वॉकर इंग्लंड-वेल्सच्या पहिल्या विसांत बसतं आणि फुलर-टकर बरेच खाली राहतात, ते यामुळे. या वाढीच्या काळातले बहुतेक वॉकर हौदाजवळही गेले नव्हते.

कुठल्या काळापर्यंत आडनाव हे खरोखर कामाचं वर्णन होतं, हे तपासायचं असेल तर १३७७, १३७९ आणि १३८१ च्या पोल टॅक्सच्या (डोईपट्टीच्या) याद्या घ्या. वेस्ट रायडिंगची १३७९ ची यादी छापलेली आहे. काही नोंदींत नाव आणि धंदा दोन्ही दिलेत. वॉकरपुढे लॅटिनमध्ये फुल्लो लिहिलेलं असेल तर नाव अजून कामाला धरून आहे. दुसराच धंदा असेल तर ते बापाकडून आलेलं आडनाव.

आकडेमोड

नकाशाचं मी सांगतो.

नुसती डोकी मोजू नका. १८८१ मध्ये इंग्लंड-वेल्सची लोकसंख्या सुमारे २ कोटी ६० लाख, त्यातलं लँकेशर साडेचौतीस लाख आणि डेव्हन ६ लाख. समजा एखाद्या आडनावाचे दोन्हीकडे हजार-हजार लोक आहेत. लँकेशरमध्ये ते लाखामागे २९ पडतात, डेव्हनमध्ये १६७. डोकी सारखी, पण दाटी जवळजवळ सहापट. म्हणून आधी लाखामागे किती ते काढा, मग त्याला देशभरच्या लाखामागच्या आकड्याने भागा. उत्तर १ आलं तर त्या काउंटीत नाव सरासरीइतकं आहे. ३-४ च्या वर गेलं तर तिथेच कुठेतरी मूळ शोधायचं.

राहण्याची काउंटी न घेता जन्माची काउंटी घ्या. १८८१ च्या नोंदीत जन्मस्थान आहे. राहण्याची घेतलीत तर लंडन सगळ्यांनाच खेचून घेतं आणि नकाशा बुळबुळीत होतो. जमल्यास पन्नाशीच्या वरच्यांचाच वेगळा नकाशा काढा. त्यांचे जन्म १८३१ च्या आधीचे, म्हणजे रेल्वेने माणसं हलवण्याच्या आधीची स्थिती हाती लागते.

यॉर्कशरचे तिन्ही रायडिंग वेगळे ठेवा, एकत्र केलेत तर वेस्ट रायडिंग बाकी दोघांना गिळतो. आणि रटलंडसारख्या चिमुकल्या काउंटीत दोन कुटुंबं आली तरी आकडा उसळतो, तेव्हा वीसच्या आत डोकी असतील तर तो रंग फिकट दाखवा.

लेखनभेद विसरू नका. टकरबरोबर टूकर आणि टोकर. फुलरबरोबर व्होलर आणि व्होलर्स: दक्षिण इंग्लंडच्या बोलीत आरंभीचा फ घोष होऊन व्ह होतो. हे सोडलंत तर ससेक्स आणि हॅम्पशरमध्ये फुलर खोटेच कमी दिसतील.

सातासमुद्रा

इंग्लंडाबाहेरचं थोडं. १६२० च्या मेफ्लॉवर जहाजावर एडवर्ड आणि सॅम्युएल फुलर हे भाऊ होते, मूळचे नॉरफोकमधल्या रेडनहॉलचे. ईस्ट अँग्लियातून (नॉरफोक-सफोकच्या पट्ट्यातून) मॅसॅच्युसेट्सला जी रीघ लागली तिच्याबरोबर हे आडनाव न्यू इंग्लंडात रुजलं. त्याच पट्ट्यातलं शर्मन, म्हणजे आटवलेल्या कापडाची लव कातरणारा. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या जनरल शर्मनचं घराणं एसेक्समधल्या डेडमहून गेलेलं.

अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत वॉकर ३१ वं, सव्वापाच लाखांच्या आसपास माणसं. त्यातली जवळपास एक तृतीयांश कृष्णवर्णीय. तिथे इंग्लंडातली काउंटी शोधून उपयोग नाही. गुलामगिरीच्या काळात किंवा मुक्तीनंतर ही आडनावं घेतली गेली. सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर यांचं मूळ आडनाव ब्रीडलव्ह, वॉकर नवऱ्याकडून आलं. शिवाय जर्मन वाल्कर आणि टूखर (हा कापडवाला) अमेरिकेत पोचून वॉकर आणि टकर झालेले आहेतच. अमेरिकेचे आकडे इंग्लंडच्या नकाशाला जोडून 'प्रसार' दाखवण्याचा मोह टाळा.

रानवाटा

हे उत्तम झालं. शेवटचं विचारतो: दोन टकर भेटले तर ते एकाच मूळपुरुषाचे असण्याची शक्यता किती? आणि बडोद्याचा रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी, वॉकर यातलाच का?

आकडेमोड

धंदेवाचक नावात शक्यता कमीच. दर चक्कीपाशी एक टकर, म्हणजे मूळपुरुष शेकडो. किंग आणि जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावांचे वाय-गुणसूत्र (बापाकडून मुलाकडे जाणारं) तपासले. दुर्मीळ आडनावांत पुरुषांचा वंश पुष्कळदा एकच निघाला, स्मिथसारख्यांत तसं काही दिसलं नाही. टकर दोघांच्या मधे कुठेतरी, वॉकर स्मिथच्या बाजूला. वंश शोधायचा असेल तर आडनाव बाजूला ठेवून पॅरिश रजिस्टर (चर्चमधल्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदी) धरा, ती १५३८ पासून सुरू होतात.

शब्दखोर

अलेक्झांडर वॉकर स्कॉटलंडच्या फाइफमधला. १८०२ पासून गायकवाडांच्या दरबारी रेसिडेंट, आणि १८०७ चा काठेवाडच्या खंडणीचा बंदोबस्त त्याच्याच नावाने ओळखला जातो. स्कॉटलंडात चक्कीला वॉक मिलच म्हणत, तेव्हा आडनाव याच कुळीचं. फक्त त्याचा नकाशा करताना १८८१ ची स्कॉटलंडची जनगणना वेगळी काढावी लागेल, वर दिलेल्या २ कोटी ६० लाखांत ती धरलेली नाही.