कॉलनीच्या ओपन स्पेसवर सभागृह की झाडं? (जळगाव)

पिंप्राळेकर:
इतकी वर्षं आमची ओपन स्पेस बाभळीच्या ताब्यात होती. निधी येतोय म्हटल्यावर सगळ्यांना आठवली. एक गट म्हणतो सभागृह बांधा, वर पत्रे, भोवती पेव्हर ब्लॉक. माझं म्हणणं, कडेने मातीची चालायची वाट, कडुनिंब-करंज, मध्ये पोरांना मैदान. बस. मोठ्या लेआउटला १० टक्के जागा मोकळी सोडायला लावतात, तिचे पैसे आपण प्लॉटच्या भावातच मोजलेत. इकडे बाया पहाटे हायवेच्या कडेने चालतात आणि बाजूने केळीचे ट्रक. मेहरूण तलावावर जा म्हणे! चालण्यासाठी आधी गाडी काढायची का?

भरीत-पुरी:
बोलणं सोपं आहे भो. मे महिन्यात पारा ४४-४५, नळाचा असा भरवसा. टँकर कोण बोलावणार? वृक्षारोपणाचे जुलैतले फोटो सगळ्यांकडे आहेत, त्याच खड्ड्याचा एप्रिलमधला दाखवा. सभागृह झालं तर साखरपुडा, बारसं, मयतीनंतरची गंधमुक्ती, सगळ्याची सोय होते. मंगल कार्यालयाचं भाडं सगळ्यांना झेपत नाही.

निमखेडी रोड:
पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी बसून दाखवा, मग बोलू. झाड पानांतून पाणी सोडतं, म्हणून त्याच्याखाली गार वाटतं. पेव्हर ब्लॉक दिवसभर तापतात आणि रात्री जेवणं उरकली तरी वाफा मारतात. बोरांसाठी नाव असलेलं मेहरूण आपलं. बोराच्या बागांचे प्लॉट पडले, आता उरलेल्या तुकड्यावरही स्लॅब?

शेवभाजी_ताई:
मी झाडांच्या बाजूची, पण ऐका. आमच्या कॉलनीत झाडं मस्त वाढली, दिवे मात्र लागलेच नाहीत. सकाळी बाकड्याखाली क्वार्टरच्या बाटल्या, चकण्याची पाकिटं, फुटके ग्लास. अंधार पडला की बाई तिकडे फिरकत नाही. नुसती जागा मोकळी ठेवून भागत नाही, तिथे रोज माणसं यायला हवीत.

काळा कोट:
आरक्षण आणि ओपन स्पेस यांची गल्लत करू नका. विकास आराखड्यात बागेसाठी राखलेली जमीन १० वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देतो. पुढच्या मुदतीतही हालचाल झाली नाही की आरक्षण उडतं. लेआउटच्या ओपन स्पेसला ती भीती नाही. तिला भीती आपलीच. आणि बंगळुरात बागेची जागा खाजगी रुग्णालयाला दिली होती, ते वाटप उच्च न्यायालयाने रद्द केलं आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली तो निकाल कायम ठेवला. दवाखान्यासारखं चांगलं कारण असूनही.

भरीत-पुरी:
ते खाजगी होतं साहेब, सभागृह सगळ्यांचं.

निमखेडी रोड:
सगळ्यांचं, पण किल्ली कोणाकडे? आमच्याकडच्या सभागृहात आता एकाच मंडळाचे मांडव आणि खुर्च्या भरून ठेवल्यात.

भरीत-पुरी:
हं. ते आमच्याकडेही होईल, नाही म्हणत नाही. मग आधी बोअर, दिवे आणि कुंपण, झाडं पावसाळ्यात. पण गंधमुक्तीची पंगत कुठे बसवायची, ते कोणीच सांगितलं नाही.

पिंप्राळेकर:
शाळेचा हॉल रविवारी रिकामाच असतो. मुख्याध्यापकांना विचारतो, तुम्हीही चला सोबत.