हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस झाल्याशिवाय वॉर्डात पोस्टिंग नको: एमबीबीएसच्या मुलांवर ही सक्ती असावी का?

रात्रपाळी:
गेल्या वर्षी इंटर्नशिपमध्ये, कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, रात्री दोनच्या सुमारास एका पेशंटचं रक्त घेतलं आणि सुईवर टोपण परत बसवायला गेलो. टोपण निसटलं, सुई डाव्या अंगठ्यात. ग्लोव्हच्या आत रक्ताचा थेंब पसरताना दिसला. हात साबणाने धुवेपर्यंत सिस्टर फाइल घेऊन आल्या. पेशंट हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. ड्युटीवरचे डॉक्टर, सीएमओ सरांनी एवढंच विचारलं, "तुझे तीन डोस झालेत ना?"

मला सांगता येईना. अडीच वाजता आईला फोन केला. तिनं कपाटातून कागदपत्रांची पिशवी काढली. जन्मदाखल्याबरोबर माझं लसीचं कार्ड होतं. दोन डोसांपुढे तारखा, तिसरा रकाना कोरा.

सकाळी इम्युनोग्लोब्युलिनसाठी, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनसाठी, धावाधाव. आमच्या स्टोअरमध्ये नव्हतं, बाहेरून आणलं. मग लस, मग सहा महिने तपासण्या. निगेटिव्ह निघालो. पण ते सहा महिने मी घरातल्या नेलकटरलाही हात लावला नाही.

अशी सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका ०.३ टक्क्यांच्या आसपास असतो. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका ६ ते ३० टक्के. आणि या तिघांत, म्हणजे एचआयव्ही, बी आणि सीमध्ये, लस फक्त बीवर आहे. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस, त्यानंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तात लसीची प्रतिपिंडं किती तयार झाली याची तपासणी. हे सगळं पहिल्या एमबीबीएसच्या वर्षात सहज बसतं, कारण वॉर्डातली खरी पोस्टिंग दुसऱ्या वर्षापासून. माझं म्हणणं स्पष्ट आहे: हे पूर्ण झाल्याशिवाय कुणाच्याही हातात सुई देऊ नये.

वकीलसाहेब:
तुझ्यावर जे बेतलं त्याचं वाईट वाटलं. पण "सक्ती" या शब्दाला माझा विरोध आहे. सर्वोच्च न्यायालयानं २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल खटल्यात स्पष्ट सांगितलं की कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही. शरीरावरचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१चा भाग आहे.

दुसरं असं की तू जबाबदारी चुकीच्या माणसावर टाकतोयस. २०१६चे जैववैद्यकीय कचरा नियम वाच. असा कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं हे रुग्णालय चालवणाऱ्याचं कर्तव्य आहे. म्हणजे लस नसेल तर उत्तर डीननी द्यायचं. तुझ्या नियमानं शिक्षा कुणाला? पोस्टिंग बुडालेल्या पोराला.

रात्रपाळी:
वकीलसाहेब, तो निकाल कोविडच्या लसीबद्दल होता. त्याच निकालात हेही आहे की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार प्रमाणात राहून निर्बंध घालू शकतं. रक्ताशी रोज संबंध येणाऱ्या कामाआधी तीन टोचण्या हा निर्बंध मला प्रमाणाबाहेरचा वाटत नाही. लस कॉलेजनंच द्यायची, फुकट द्यायची, हे मात्र शंभर टक्के मान्य. माझ्या पोस्टमध्ये ते यायला हवं होतं.

लातूरची आई:
माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजात हा नियम आहेच. पण काय झालं ते सांगते. ॲडमिशनच्या वेळी "लसीकरणाचा दाखला" मागितला, दोन दिवसांची मुदत. ओळखीच्या डॉक्टरांनी तीन तारखा टाकून सही-शिक्का मारून दिला. मीच मागितला होता, खोटं कशाला बोलू. रांगेतल्या पाच-सहा पालकांनी तेच केलं. सक्ती केली की असे दाखले तयार होतात आणि मूल मात्र तसंच राहतं. तुमची हकिगत वाचल्यावर काल तिला पहिला डोस घ्यायला लावला. पण नियमावर माझा विश्वास नाही.

रात्रपाळी:
काकू, हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. म्हणूनच कागद नको, टायटर हवं. ते १० mIU/mLच्या वर असेल तर संरक्षण आहे, तिथे खोटा शिक्का चालत नाही.

तिसरं वर्ष:
टायटर हवं, असं लिहिणं तुझ्यासाठी सोपं आहे. मी जन्मापासून हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आहे, आईकडून आलेला. ही लस सरकारी कार्यक्रमात देशभर पोचली २०११ साली. मी त्याच्या कितीतरी आधीचा, आणि आमच्या उपकेंद्रात ती नव्हती.

मला हे कळलं कसं? पहिल्या वर्षी कॉलेजनं लसीकरणाआधी सगळ्यांचं रक्त तपासलं. स्टुडंट सेक्शनच्या खिडकीत क्लार्कनं रिपोर्ट हातात देताना मोठ्यानं विचारलं, "हा पॉझिटिव्हवाला कोण?" मागे चाळीस मुलं. संध्याकाळी मेसमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसलं नाही. पुढचे तीन आठवडे "फिटनेस आणा" म्हणून मला फिरवलं. मी आज औषधं घेतो, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, सापडत नाही इतका कमी आहे, वॉर्डात पेशंट बघतो.

आजार आधीच असल्यानं तुझ्या नियमात माझं टायटर शून्य येणार. मग मी कुठे बसायचं? अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका वैद्यकीय विद्यापीठानं हिपॅटायटिस बी असलेल्या दोघांचा प्रवेश अडवला होता, तेव्हा न्याय खात्यानं हस्तक्षेप केला आणि २०१३मध्ये तडजोड होऊन त्यांना प्रवेश मिळाला. आपल्याकडे माझ्यासारख्यासाठी कोण उभं राहणार?

रात्रपाळी:
दोन तास झाले, काय लिहावं सुचत नव्हतं. माझ्या सहा महिन्यांच्या भीतीत मी तुझ्यासारख्याचा विचारच केला नव्हता. माफ कर.

"टायटर नसेल तर वॉर्ड नाही" हे वाक्य मी मागे घेतो. ते वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचं होतं. लस घेणाऱ्यांपैकी पाच ते दहा टक्क्यांचं टायटर तीन डोसांनंतरही वर जात नाही. त्यांना पुन्हा तीन डोस देतात आणि तरीही नाही आलं तर काम थांबवत नाहीत. सुई टोचलीच तर यांना इम्युनोग्लोब्युलिन लागेल, एवढी नोंद ठेवतात. तेव्हा रिपोर्ट उपचार करणाऱ्या डॉक्टरकडेच राहावा, कॉलेजकडे फक्त "प्रक्रिया पूर्ण" एवढाच शेरा जावा. खिडकीत तर मुळीच नाही. डोस देण्याची सक्ती मात्र अजूनही हवी असंच मला वाटतं.

तिसरं वर्ष:
शेरा "पूर्ण" असेल आणि क्लार्कला आतलं काही दिसणार नसेल तर माझा विरोध निम्मा कमी होतो. निम्माच. कागद लपवायची सवय आपल्या कॉलेजांना नाही.

सिस्टर:
बावीस वर्षं वॉर्डात आहे. तुमची सगळी चर्चा एमबीबीएसच्या मुलांवर चाललीय. सुई मुलांना टोचते, खरं आहे, आणि निम्म्या वेळा टोपण परत बसवताना टोचते. बसवूच नका, सुई कापायचा हब कटर टेबलावरच असतो. पण तुम्ही बेडवर, ट्रेमध्ये, कधी चादरीच्या घडीत विसरलेली सुई कुणाला टोचते? आमच्या मावशींना आणि मामांना. लाल पिशवीच्या बाहेर आलेलं टोक मी स्वतः पाहिलंय, मावशी ती पिशवी मांडीला लावून जिन्यानं उतरत होत्या. कंत्राटी माणसं आहेत, दर काही महिन्यांनी बदलतात. त्यांचा तिसरा डोस येईपर्यंत त्या दुसरीकडे गेलेल्या असतात. नियम करायचा तर आधी त्यांच्यासाठी करा. मुलांच्या मागे निदान आईबाप आहेत.

वकीलसाहेब:
सिस्टर, २०१६च्या नियमांत त्याही येतात. कंत्राटदाराचं नाव पुढे करून रुग्णालयाला हात झटकता येत नाहीत.

रात्रपाळी:
सिस्टर, सोमवारी डीन सरांकडे अर्ज घेऊन जातोय. विद्यार्थी आणि वॉर्डातले सगळे कर्मचारी, एकाच यादीत. लस पीएसएम (सामाजिक वैद्यक) विभागानं वॉर्डात येऊन द्यायची, खर्च कॉलेजचा. तुमच्या वॉर्डातली नावं मिळतील का?

सिस्टर:
लिहून घ्या, सहा मावशी आणि दोन मामा. चौघांचा एकही डोस झालेला नाही. दोन मावशींचा दुसरा या आठवड्यात आहे. त्यांना रजा नाही, म्हणून बुधवारी दुपारी दोननंतर या.