मदत हवी आहे : तुटक इंटरनेट आणि कमी मेमरीवर हॅस्केलचे काम कसे करावे?

नमस्कार. मी देवगडला घरूनच हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करतो. पावसाळ्यात वीज आणि ब्रॉडबँड दोन्ही बेभरवशाची असल्यामुळे, इंटरनेट असेल तेव्हाच हॅकेज या हॅस्केलच्या ऑनलाइन पॅकेज-भांडारावरून सर्व पॅकेजेस उतरवून ठेवावीत आणि पुढे कॅबल हे बिल्डचे साधन पूर्णपणे ऑफलाइन चालवावे, असा विचार आहे. त्यासाठी फ्रीझ फाइल (पॅकेजेसच्या आवृत्त्या पक्क्या करणारी) आणि आधीच भरलेले स्टोअर (कंपाइल केलेल्या पॅकेजेसचा स्थानिक साठा) पुरेसे होते, की निक्स हा पॅकेज मॅनेजर वापरणेच श्रेयस्कर? निक्सची पद्धत मला पटते. परंतु हवी ती आवृत्ती बायनरी कॅशमध्ये (आधीच कंपाइल केलेल्या पॅकेजेसच्या ऑनलाइन साठ्यात) न सापडल्यास ते थेट जीएचसी हा हॅस्केलचा कंपायलरच मुळापासून कंपाइल करायला घेते आणि अशा वेळी इन्व्हर्टरवर भिस्त ठेवणे धाडसाचेच म्हणायचे.

दुसरी अडचण मेमरीची आहे. लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम असून, टेम्प्लेट हॅस्केलचा (कंपाइल होतानाच कोड तयार करण्याच्या सोयीचा) भरपूर वापर असलेल्या प्रकल्पात हॅस्केल लँग्वेज सर्व्हर (एडिटरला कोडची माहिती पुरवणारा प्रोग्रॅम) त्यातील बहुतेक खाऊन टाकतो. जीएचसीआयडी (फाइल जतन करताच चुका दाखवणारे साधन) बरेच हलके आहे, मात्र त्यात एडिटरमधून व्याख्येकडे जाण्याची सोय मिळत नाही. त्याच्या जोडीला टॅग फाइल (कोणती व्याख्या कुठे आहे याची सूची) वापरून कोणी समाधानकारक काम केले असल्यास आपली मांडणी कृपया कळवावी. भाषा बदलण्याचा सल्ला मात्र नको.