मदत हवी आहे: नवा फायबर मोडेम बसवल्यापासून सोप्यातला राउटर नेट देत नाही

कुळागरी
नमस्कार मंडळी. घर गोव्यात, सावईवेऱ्यात, कुळागराला लागून. जुनं चिऱ्याचं घर, मधे राजांगण, भोवती खोल्या, भिंती चांगल्या दोन फुटी. इतकी वर्षं टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर नेट होतं. मोडेम मागच्या खोलीत. तिथून एक केबल माळ्यावरून, राजांगणाच्या वळचणीखालून सोप्यापर्यंत नेलेली, आणि सोप्यात माझा स्वतः विकत घेतलेला राउटर. नेट मुंगीच्या पावलांनी यायचं, पण यायचं.

गेल्या आठवड्यात फायबर आलं. जोडणाऱ्या मुलाने मागच्या खोलीत पांढरा डबा लावला, फोनवर गती दाखवली, सही घेतली आणि निघाला. सोप्यातल्या राउटरचं विचारलं तर म्हणाला, "तो काढून टाका, ह्यातच वायफाय आहे." आहे खरं. प्लॅन २०० एमबीपीएसचा, डब्याजवळ १९० मिळतात. राजांगणात आलो की फोनवर एक काडी. सोप्यात तीही नाही.

म्हणून जुनीच केबल नव्या मोडेमला लावली. दुसरं टोक राउटरच्या निळ्या पोर्टात (बाहेरचं नेट आत घेणारा), पूर्वी होतं तिथेच. राउटरचं वायफाय दिसतं, फोन जोडलाही जातो, पण खाली "इंटरनेट नाही". मग रागाने राउटरला टाचणी टोचून रिसेट मारला. तरी तेच. मग केबल पिवळ्या पोर्टात (घरातली यंत्रं जोडायचा) घातली, तर मिनिटभर नेट आलं आणि त्यानंतर सगळ्या घराचंच नेट ये-जा करायला लागलं. टीव्ही बंद, आईची मालिका अर्ध्यावर. केबल उपटली तेव्हा शांत झालं.

चतुर्थी तोंडावर आहे. मुंबई-बेंगळुरूहून पंधरा माणसं येणार, भाचा सोप्यात बसून ऑफिसचं काम करणार. राउटर गेला समजायचा का?

पणजीकर_७
दादा, कशाला डोकेफोड? मेश घ्या, म्हणजे घरभर मिळून एकच वायफाय देणारे डबे. तीन ठेवायचे, मोबाइलवरून दहा मिनिटांत सेट. जुना राउटर भंगारात.

कुळागरी
ते डबेसुद्धा एकमेकांशी हवेतूनच बोलणार ना? त्याच चिऱ्यांतून?

वायरवाला_म्हापसा
बरोबर बोललात. मेशचे डबेही केबलने जोडता येतात, पण तुमच्याकडे केबल आणि राउटर दोन्ही आहेत तर आधी पैसे का घालवायचे? चिरा सच्छिद्र दगड, पावसाळ्यात पाणी पिऊन बसतो, आणि ओल्या भिंतीतून वायफाय आणखीच कमी जातं. त्यातही वायफायच्या दोन लहरींपैकी ५ गिगाहर्ट्झची आधी मान टाकते, २.४ ची जरा तग धरते. दोन फुटी भिंतीत केबलला पर्याय नाही असंच माझं मत. तीस वर्षं हेच काम करतो.

मला तीन गोष्टी सांगा. रिसेट मारण्याआधी राउटरमध्ये कधी युजरनेम-पासवर्ड भरला होता का, म्हणजे वायफायचा नव्हे, नेट कंपनीने दिलेला? दोन्ही डबे उलटे करून तळाच्या स्टिकरवर कोणता पत्ता छापलाय तो बघा, १९२ ने सुरू होणारा. आणि मोडेमला घरचा फोन जोडलाय का?

एक सूचना. राउटर तुमचा आहे, त्याला हवी तितकी टाचणी टोचा. पण नव्या मोडेमच्या त्या भोकाला हात लावू नका. कंपनीने आत भरलेली माहिती पुसली गेली तर माणूस येईपर्यंत बसून राहाल. आणि हिरव्या टोकाची फायबरची तार काढून आत डोकावू नका. त्यातला प्रकाश १३१० आणि १४९० नॅनोमीटरचा, डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नाही असं नव्हे.

कुळागरी
काका, डायरीत खरंच एक युजरनेम सापडलं! २०१६ साली जोडणाऱ्या माणसाने राउटरमध्ये भरून दिलं होतं, आता आठवलं. घरचा फोन मोडेमलाच आहे, आईच्या बहिणी त्याच नंबरवर करतात.

स्टिकर बघितले. मोडेम: १९२.१६८.१.१. राउटर: १९२.१६८.१.१. छपाईची चूक नाही ना?

अजून एक गंमत. केबल पिवळ्या पोर्टात असताना हा पत्ता उघडला तर एकदा मोडेमचं पान आलं, पाच मिनिटांनी त्याच पत्त्यावर राउटरचं.

डिचोलीची_मास्तरीण
भाऊ, मोडेम ब्रिज मोडला टाका, म्हणजे तो नुसता पूल राहील, आणि युजरनेम राउटरमध्ये भरा. पूर्वी होतं तसंच होईल.

पण खरं सांगू का, मी स्वतः हे केलं आणि चार दिवस नेटशिवाय बसले. जुना पासवर्ड फायबरला चालत नव्हता, नवा कोणी सांगेना, वर व्हीलॅन क्रमांक म्हणून काहीतरी विचारत होतं ते कुठून आणू? फोनही मुका. शेवटी माणूस येऊन सगळं परत होतं तसं करून गेला. तेव्हा सल्ला मागे घेते.

वायरवाला_म्हापसा
मास्तरीणबाई, सल्ला चुकीचा नाही. ब्रिजची गरज कोणाला, तर ज्याला बाहेरून घरचा कॅमेरा वगैरे थेट बघायचाय त्याला. कुळागरींना फक्त सोप्यात वायफाय हवंय, त्यासाठी घरचा फोन पणाला लावण्यात अर्थ नाही.

आता काय झालं होतं ते बघा. तुमचा जुना मोडेम नुसता पूल होता. नंबर फिरवून नेट मागायचं काम, त्याला पीपीपीओई म्हणतात, तुमचा राउटर करायचा. नवा मोडेम ते काम स्वतःच करतो. राउटर मात्र जुन्या सवयीने हाका मारत बसला, आणि पलीकडे ओ द्यायला कोणी नाही. हे पहिलं "इंटरनेट नाही".

रिसेटनंतर त्याने हाका मारणं सोडलं, पण आता दुसरं लफडं. दोघांचा पत्ता एकच. पंचायतीने एकाच वाड्यावरच्या दोन घरांना एकच घर क्रमांक दिला तर पोस्टमन काय करील? काही राउटर अशा वेळी आपणहून पत्ता बदलतात, तुमचा जुना आहे, बदलत नाही. छपाईची चूक नव्हे. घरातल्या वापरासाठी १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ पासून राखून ठेवलेत, आणि खूपशा कंपन्या त्यातला हाच एक छापून मोकळ्या होतात.

आणि पिवळ्या पोर्टात घातल्यावर तर दोघेही घरभर पत्ते वाटायला लागले. प्रत्येक फोनला, टीव्हीला आतला पत्ता देणारा एक कारकून प्रत्येक डब्यात असतो, डीएचसीपी त्याचं नाव. एका घरात दोन कारकून, दोघांचा शिक्का एकच. ज्या टीव्हीला राउटरकडून पत्ता मिळाला तो बाहेरचा रस्ता राउटरलाच विचारणार, आणि त्याला तो माहीत नाही.

तेव्हा राउटरला मालकीवरून उतरवायचं. तो नुसता वायफायचा खांब झाला पाहिजे. आधी मोडेमची केबल काढून ठेवा. फोन किंवा लॅपटॉप फक्त राउटरला जोडा, त्याचं पान उघडा. "अॅक्सेस पॉइंट मोड" असं काही दिसलं तर तेवढंच निवडा, बाकीचं तो बघेल. नसेल तर लॅनच्या, म्हणजे घरातल्या जाळ्याच्या, पानावर जाऊन राउटरचा पत्ता बदला. कशावर बदलायचा ते ठरवण्याआधी मोडेमच्या पानावर त्याचा कारकून कुठून कुठवर पत्ते वाटतो ते बघून घ्या. १०० ते २०० वाटत असेल तर राउटरला १९२.१६८.१.५० द्या. म्हणजे त्या पट्ट्याच्या बाहेरचा. राउटर बंद-चालू होईल, नव्या पत्त्याने परत आत शिरा, आणि मग डीएचसीपी बंद करा. हा क्रम उलटा करू नका, कारकून आधी घालवलात तर फोनला पत्ता द्यायला कोणी उरणार नाही आणि राउटरच्या पानाशी पोचायला नाकीनऊ येतील. शेवटी मोडेमची केबल पिवळ्या पोर्टात. निळा रिकामाच राहू दे.

वायफायचं नाव आणि पासवर्ड मोडेमचाच हुबेहूब राउटरला द्या, म्हणजे माणूस मागच्या खोलीतून सोप्यात आला की फोन आपणहून इकडचा खांब धरतो. २.४ चं चॅनल मोडेमला १ असेल तर राउटरला ६ किंवा ११ ठेवा.

पणजीकर_७
इतकं कशाला? राउटरचा पत्ता १९२.१६८.५०.१ केला आणि केबल निळ्यातच ठेवली तरी नेट येतं की. माझ्या घरी तसंच आहे.

वायरवाला_म्हापसा
येतं. पण मग घरात दोन वाडे होतात. मागच्या खोलीतला प्रिंटर सोप्यातल्या लॅपटॉपला दिसत नाही, फोनवरचा व्हिडिओ पलीकडच्या टीव्हीवर टाकता येत नाही. ज्याला हे काही लागत नाही त्याने खुशाल तसं करावं.

कुळागरी, राउटर सोप्यात नक्की कुठे ठेवलाय?

कुळागरी
देवखोलीच्या दाराशेजारच्या फळीवर. पुढे पितळेच्या दोन समया आणि तांब्याची एक घागर आहे. आईच्या मते राउटर "दिसायला बरा नाही", म्हणून झाकलाय.

वायरवाला_म्हापसा
धातूमागे वायफाय लपवून ठेवलंत आणि दोष चिऱ्यांना! आधी तो पुढे काढा.

कुळागरी
झालं!! अॅक्सेस पॉइंट मोड नव्हता, हाताने केलं. मोडेमचा पट्टा २ पासून २५४ पर्यंत होता, म्हणजे बाहेर जागाच नाही. तो १०० ते २०० केला, मग राउटरला ५० दिला. पहिल्या वेळी घाईत डीएचसीपी आधी बंद केला, तुम्ही सांगितलं होतं तरी. मग टाचणी, आणि परत पहिल्यापासून.

सोप्यात सगळ्या काड्या. समया घागरीसकट पलीकडच्या फळीवर. प्रिंटर दिसतो, टीव्ही चालतो, फोन वाजतो.

पण एक किडा डोक्यात आहे. मागच्या खोलीत १९०, सोप्यात राउटरच्या पुढ्यात बसून ९३. चार वेळा मोजलं, ९३ किंवा ९४, एकदाही ९५ नाही. २.४ नव्हे, ५ वरच आहे फोन. बाकी चालतंय तर गप्प बसू का?

वायरवाला_म्हापसा
९३-९४ म्हणजे खूणच. वायफाय कमी पडलं तर आकडा वरखाली नाचतो. इथे तो भिंतीला टेकल्यासारखा थांबलाय, म्हणजे केबल १०० एमबीपीएसवर धावते आहे. राउटरचे पोर्ट १०० चेच असतील तर काही इलाज नाही, खोक्यावर किंवा स्टिकरवर "गिगाबिट" किंवा १०/१००/१००० लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर केबलची टोकं तपासा. आत आठ तारा असतात. १०० ला केशरी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात. १००० ला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार तुटली तरी नेट चालू राहतं, फक्त १०० वर उतरतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

माळ्यावर उंदीर आहेत का?

कुळागरी
गिगाबिट आहे. उंदीरही आहेत, पण ह्या वेळी ते निर्दोष.

सोप्याकडचं टोक काढलं, पारदर्शक प्लास्टिकचं आहे, बल्बसमोर धरलं. सात तारा पुढे पितळी दातांपर्यंत पोचल्यात. आठवी, तपकिरी, अर्ध्या वाटेवर थांबलीय, तांदळाच्या दाण्याएवढी कमी. हे टोक २०२० च्या टाळेबंदीत मीच यूट्यूबवर बघून बसवलं होतं आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. तेव्हा नेटच इतकं धिमं की कळायचा प्रश्न नव्हता.

वायरवाला_म्हापसा
दोन इंच कापून टाका आणि नवीन टोक बसवा. टोकाची खिट्टी खाली, दात वर आणि केबल शिरायचं भोक तुमच्याकडे करून धरलं की डावीकडून: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसरं टोकही ह्याच क्रमात आहे ना ते बघून घ्या. तारा एका रेषेत कापा, आत शेवटपर्यंत ढकला, आणि दाबण्याआधी पुन्हा बल्बसमोर धरा. बाहेरचं जाड आवरणही टोकाच्या आत जायला हवं, नाहीतर ओढ तारांवर येते. चिमटा विकत घेऊ नका, गावातल्या केबल टीव्हीवाल्याकडे असतो.

आणि वळचणीखालची केबल उघडी असेल तर विजांच्या वेळी दोन्ही टोकांकडून काढत जा. फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही, पण ती केबल तांब्याचीच आहे. मिरगाच्या आधीच्या गडगडाटात दरवर्षी असे जळलेले पोर्ट माझ्याकडे येतात.

कुळागरी
केबलवाल्याचा चिमटा आणला, दोन टोकं वाया घालवली, तिसरं बसलं. सोप्यात १८६. पोर्टावरचा दिवा नारिंगीचा हिरवा झालाय, तो आधीपासून नारिंगी होता हे आत्ता कळतंय.

भाच्याला फोन करून सांगितलं, ये म्हणून. आई म्हणते, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळं-पानं) बांधायच्या दिवशी त्या दारात कोणी केबल-बिबल घेऊन फिरायचं नाही. कबूल केलंय. काका, देव बरें करूं. मास्तरीणबाई, तुमचे चार दिवस माझ्या उपयोगी पडले.

पेडण्याचा_पाहुणा
सगळं वाचलं नाही, घाईत आहे. माझाही नवा मोडेम, जुना राउटर, "इंटरनेट नाही". कोणता राउटर घेऊ?

कुळागरी
घेऊ नका अजून. दोन्ही डबे उलटे करा आणि स्टिकर वाचून दाखवा.